नैर्ऋत्येची खोली

मुलानं बंगला बांधायला काढला तेव्हा सगळ्यात आधी माझी खोली ठरली. स्वयंपाकघर, देवघर, गाडी लावायची जागा, सगळं नंतर. हे तो गावात सांगायचा आणि ऐकणाऱ्या बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस. मी मान हलवायचे. खोली तेव्हा जमिनीवर फक्कीनं मारलेल्या चार रेघा होती. रेघांना नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं.

आमचं गाव वडूजच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून. पाऊस बेताचा, ऊन भरपूर. मुलगा पलटणीत होता. सुभेदार होऊन घरी आला आणि आता लोणंदच्या एका कारखान्यात राखणदारांवरचा साहेब आहे. राहतो तिथंच, सुट्टीच्या वारी घरी येतो. शेती आणि गाई सून बघते. नवरा बंगला व्हायच्या आधीच गेला. असता तर ती खोली त्याच्या वाट्याला आली असती.

खोलीची जागा साताऱ्याहून आणलेल्या वास्तुवाल्यानं ठरवली. त्यानं होकायंत्र फिरवलं आणि सांगितलं, घरातलं वडीलधारं माणूस नैर्ऋत्येला झोपलं पाहिजे. नैर्ऋत्य म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्यामधला कोपरा. हा कोपरा जड हवा आणि बंद हवा. तिथं बाहेरचं दार नको, खिडकी ठेवायचीच तर एक आणि लहान, वजनाच्या वस्तू तिथं ठेवा, वर पाण्याची टाकी बसवा. मी विचारलं, माझ्या खोलीतून अंगणात निघायला एक दार काढता येईल का, म्हणजे पहाटे उठून बाहेर बसता येईल. त्या माणसानं असं तोंड केलं, जसं काही मी घराला काडी लावायची परवानगी मागितली. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्याच आयुष्यासाठी चाललंय हे."

तर अशी खोली झाली. दोन भिंती उन्हाच्या. जेवणं झाली की दक्षिणेची भिंत तापायला लागते, तिचं होतंय तोवर पश्चिमेची सुरू होते. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचं तोंड तिकडं. तोंडावर वरपासून खालपर्यंत गडद तपकिरी फरशी बसवलीय, तिला सगळे एलिव्हेशन म्हणतात. त्या बाजूला एक लिंब होता. त्याच्यामुळं रस्त्यावरून बंगला दिसत नाही म्हणून तो काढला. काढला त्या दिवशी लोक म्हणाले, आता कसं उठून दिसतंय. खरंच दिसतं. एसटीतून जाणारे माना वळवून बघतात. त्या फरशीच्या आतल्या अंगाला माझी खाट आहे. दिवस मावळल्यावर भिंतीला हात लावला तर नुकत्या उतरून ठेवलेल्या तव्यासारखी लागते. सगळं घर जेवून झोपायला जातं तरी ती निवत नाही.

कोपरा जड हवा म्हणून लोखंडी कपाट माझ्या खोलीत, ज्वारीची पिंपं माझ्या खोलीत, कार्याची मोठी पातेली कपाटावर. वर गच्चीत काळी टाकी. माझ्या न्हाणीतला नळ दुपारी सोडला तर नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते.

जुनं घर बरं होतं असं मी म्हणणार नाही. ते धाब्याचं होतं, लाकडांवर पांढरी माती अंथरलेलं. पावसात ठिबकायचं, तुळयांतून विंचू पडायचे, आत दिवसासुद्धा चाचपडत चालायचं. दरसाल नवी माती डोक्यावर वाहून वर चढवावी लागायची, माझी मान त्यातच गेली. ते पाडलं तेव्हा मी रडले नाही. पण त्याला छपरात एक भोक होतं, त्याला साणं म्हणत. त्याच्यावर पत्र्याचं झाकण. घर कोंडलं की काठीनं झाकण सरकवायचं आणि ऊन हवा वरच्या वर निघून जायची. भिंती हातभर जाड, त्या तापून आत ऊब यायच्या आधीच दिवस मावळायचा. एवढं त्या घराचं बरं होतं. बाकी पाडलं ते चांगलंच झालं.

बंगल्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात चैत्रात माझी झोप गेली आणि वैशाखात जेवण गेलं. पंखा होता, पण तो तापलेल्या स्लॅबला टांगलेला, वरची ऊन हवा तो खाली आणून अंगावर ओतायचा. खिडकी सरकत्या काचांची. एक काच उघडली की ती दुसरीच्या मागं जाऊन बसते, म्हणजे खिडकी कितीही उघडा, ती निम्मीच उघडते. समोर दुसरी खिडकी नाही, त्यामुळं वारं आत येत नाही. येऊन जाणार कुठं. हॉलमध्ये झोपावं तर तिथं पश्चिमेला सगळी काच, आणि मुलाला भेटायला येणारी माणसं केव्हाही येणार. अंगण म्हणजे रस्ताच. वरच्या मजल्यावर गुडघे जाऊ देत नाहीत. स्वयंपाकघरात टेबल-खुर्च्या आहेत, खाट मावत नाही. सगळं घर फिरून मी परत त्या कोपऱ्यात यायचे.

एका दुपारी पाणी घ्यायला उठले आणि फरशीवर पडले. सुनेनं उचललं, गाडी करून वडूजच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. डॉक्टर मला म्हणाला, ऊन लागलंय, या वयात उन्हात कशाला फिरता.

सून म्हणाली, "उन्हात न्हाई डॉक्टर, खोलीत."

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि सांगितलं, उन्हात फिरू देऊ नका.

मला मरायची भीती वाटत नाही, माझ्या वयाच्या बऱ्याच जणी गेल्या. पण त्या दिवशी कळलं की मी त्या खोलीतच जाणार, आणि थंडीत नाही, उन्हाळ्यात. तसं मला जायचं नव्हतं. पुढं जे झालं ते एवढ्यासाठीच झालं.

मुलगा लोणंदहून आला तो एसी घेऊनच आला. त्यानं राजस्थानात वाळू बघितली आहे, वर बर्फ बघितला आहे. त्याच्या हिशेबी उकाडा म्हणजे एक आकडा. तो चोवीसवर आणून ठेवला की माणूस बरं. खिडकीच्या फटींना त्यानं चिकटपट्टी लावली, दाराखाली रबर लावलं, आणि मला सांगितलं, आकड्याला हात लावू नको.

एसी माझ्या पायांच्या समोर बसवला. गार वारं सरळ गुडघ्यांवर यायचं आणि पाठीमागं भिंत तापलेली असायची. पुढून पौष आणि मागून वैशाख. म्हातारपणी अंगात ऊब कमी असते, ते आकड्याला कुठून कळणार. मी घोंगडं घ्यायचे, पायांत मुलाचे पलटणीतले मोजे, डोक्याला कानटोपी. शेजारच्या पोरी मला बघायला यायच्या. भर वैशाखात कानटोपी घालून बसलेली म्हातारी त्यांना दुसरीकडं कुठं बघायला मिळणार. आणि दुपारी वीज जायची. गेली की त्या पट्ट्या लावलेल्या खोलीत हवा जागच्या जागी मरून पडायची. डबा घट्ट लावून चुलीपाशी ठेवावा तशी मी आत.

मी मुलाला सांगितलं की मला हे सोसत नाही. तो म्हणाला, लोक एसीसाठी तरसत्यात. ते खरंच आहे. आमच्या भावकीत त्या वेळी दुसऱ्या कुणाकडं एसी नव्हता.

त्या हिवाळ्यात सुनेनं घराच्या दक्षिणेला, रस्त्याकडच्या रानात नवा गोठा बांधला. तिच्याकडं काळ्याबांड्या संकरित गाई आहेत, दुधाला चांगल्या, पण उन्हाला फार हळव्या. आदल्या उन्हाळ्यात त्यांचं दूध निम्म्यावर आलं होतं. म्हणून जनावरांचा डॉक्टर जागा बघायला आला. माझ्या खिडकीपासून ती जागा दगडाच्या टप्प्यात आहे. मी खाटेवर बसून त्याचं सगळं बोलणं ऐकलं.

तो म्हणाला, गाईला उन्हाचा त्रास व्हायला लागला की आधी ती खाणं कमी करते. बसत नाही, उभीच राहते, कारण बसली की अंगाखालून वारं जात नाही. पाण्यापाशी घोटाळते. धापा टाकते. मग त्यानं गोठ्याचं सांगितलं. छप्पर उंच घ्या. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मावळतीचं ऊन लांब बाजूला लागणार नाही. भिंती बांधूच नका, वारं एका अंगानं येऊन दुसऱ्या अंगानं गेलं पाहिजे. पत्र्याला वरून चुना मारा, त्यावर उसाचं पाचट टाका. नुसती सावली करून भागत नाही, डोक्यावरचा पत्रा तापला तर सावलीतसुद्धा गाय भाजते. पाण्याचे फवारे लावाल तर पंखेही लावा, वाऱ्याशिवाय ओलावा म्हणजे नुसता त्रास. आणि भोवतीचं एकही झाड तोडू नका.

सून वही-पेन न घेता ऐकत होती, तिच्या ध्यानात राहतं. झाडाचं निघालं तेव्हा तिनं मान वळवून माझ्या खिडकीकडं बघितलं. डॉक्टरला आत माणूस बसलंय हे माहीत नव्हतं.

गोठा त्याच्या सांगण्यासारखा झाला. मोकळा, उंच, वर पाचट, कडेला शेवगा आणि बाभळ. दुसऱ्या वर्षी चैत्र लागला आणि मी एका दुपारी काठी टेकत तिकडं गेले. तिथं धारेच्या वेळी टेकायला सुनेनं एक बाज टाकली होती. मी आडवी झाले. पंखा गाईंसाठी होता, पण वारं मलाही लागत होतं. गाई रवंथ करत होत्या. शेणाचा वास होता, माशा होत्या. मला झोप लागली. सून धारेला आली तेव्हा जाग आली, तेव्हा ऊन कललं होतं.

"आत्याबाई, आत चहा ठेवलाय," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजेवर गोधडी होती आणि वर मच्छरदाणी बांधलेली होती. मग मी जेवले की तिकडं जायचे आणि पुढं पुढं रात्रीही तिथंच राहू लागले. अन्न जायला लागलं. पायांची सूज उतरली. हा महिनाभर माझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं नव्हतं आणि मलाही कुणाबद्दल काही सांगायचं नव्हतं. यापेक्षा बरे दिवस मला आठवत नाहीत.

मग माझी धाकटी जाऊ आली. नवऱ्याच्या भावाची बायको, पलीकडच्या आळीत राहते. आली होती ताक न्यायला. मला बाजेवर बघून तिथंच थांबली.

"अक्का, हितं का वो?"

"वारं हाय."

"आन् बंगल्यात?"

"बंगल्यात बंगला हाय."

ती हसली, ताक घेतलं आणि गेली. सांज व्हायच्या आत आळीभर झालं की सुभेदाराच्या बायकोनं सासूला गोठ्यात टाकली. कुणी म्हणालं एसीचं बिल येतं म्हणून. कुणी म्हणालं म्हातारीला जेवण पण तिकडंच नेऊन देत्यात. हे शेवटचं खरं होतं, सून ताट तिकडंच आणायची, कारण मी तिकडं होते.

जाऊ वाईट बाई नाही. तिच्या घराला पत्रा आहे, ती उन्हाळ्यात अंगणात झोपते, तिला कुणी काही म्हणत नाही. बंगला असलेल्या माणसानं गोठ्यात झोपलं की त्याचा अर्थ लागतो.

बोलणं लोणंदला पोचलं. मुलगा सुट्टी नसताना आला. आधी बायकोवर ओरडला. मी म्हणाले, तिला बोलू नको, मी माझ्या पायानं आले. मग तो बाजेच्या कडेवर बसला. उंचापुरा माणूस, खाली मान घालून बसला होता.

"आई, मी एवढी वर्षं घराबाहेर काढली. पैला दगड ठिवला तो तुझ्या खोलीचा. आता चावडीवर लोक मला इचारत्यात, आई जनावरांत झोपती व्हय? काय सांगू मी?"

"सांग की खोली तापती."

"बांधलेली मीच ना ती."

खोली तापते म्हटलं की त्यानं बांधलेलं चुकलं असं होतं, आणि लिंब त्यानं स्वतः उभं राहून काढला होता. पलटणीत त्यानं कितीतरी गोष्टी सोसल्या असतील, पण एवढं त्याच्यानं सोसवणार नव्हतं. ओरडला असता तर मी भांडले असते. तो ओरडला नाही.

जाताना त्यानं बाज उचलून गच्चीत नेऊन ठेवली. खोलीला कुणी कुलूप लावलं नाही, मला कुणी अडवलं नाही. पण मला जमिनीवर बसता येत नाही, बसले तर उठता येत नाही. बाज वर गेली म्हणजे गोठा गेला. त्याला हे माहीत होतं.

बोलणं थंड व्हावं म्हणून मला सांगलीला मुलीकडं पाठवलं. लेकीच्या घरी आमच्यात आई-बाप फार दिवस राहत नाहीत, पाण्याला जाऊन यावं तसं जाऊन यायचं. पण मुलीनं गाडीच पाठवली. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. एक गॅलरी होती, तिला काचा लावून तिची खोली केलीय, जागा वाढली म्हणून. जागा वाढली आणि वारं संपलं.

सांगलीत मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे उकाडा एका जातीचा नसतो. आमच्याकडं माणूस भाजतं, सांगलीत शिजतं. जावयानं माझ्यासाठी पाण्याचा कूलर आणला. तसला कूलर आमच्या कोरड्या हवेत गार वारं देतो. नदीकाठच्या त्या दमट हवेत, बंद खोलीत, त्यानं ओलं फडकं तोंडावर धरल्यासारखं व्हायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरचं बोलणं आठवलं. मी कूलर बंद करायला सांगितला, तर जावयाला वाटलं मला वीज जाळायचा संकोच वाटतोय. त्यानं तो आणखी मोठा केला. चांगुलपणानं सोडलेलं ते वारं मी रोज सोसलं.

दुसरी गोष्ट लुगड्याची. मुलीनं मला सुती गाऊन आणला. मी जन्मभर नऊवारी नेसलेली, मी म्हणाले हे घालून मी न्हाणीतसुद्धा जाणार नाही. एका दुपारी घातला. कमरेला चार वेढे नाहीत, पायात काष्टा नाही, पदर नाही. आपण इतकी वर्षं अंगावर केवढा उकाडा गुंडाळून फिरत होतो हे मला तेव्हा कळलं. फ्लॅटमध्ये मी गाऊनवरच राहिले. तिथं मला कोण ओळखतं. निघताना तो पिशवीत भरला, पण गावात तो घालणं शक्य नाही. गाऊन घातला तर म्हणतील म्हातारीला लुगडं मिळत नाही. तो अजून कपाटात आहे.

मुलगी राहा म्हणत होती. जावई चांगला, पण मी हॉलमध्ये आले की तो पाय खाली घ्यायचा, टीव्हीचा आवाज कमी करायचा. स्वतःच्या घरात त्याला माझ्यामुळं अवघडून राहावं लागत होतं. ज्येष्ठात पाऊस लागला तशी मी परत आले. सांगलीत मी फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले होते.

आले तेव्हा बाज गच्चीतच होती, पावसात भिजत. मी खोलीत राहिले. तेव्हा मुलाचा फोन आला. सुनेला तिच्या माहेरी लग्नाला जायचं होतं आणि एक गाय व्यायला आलेली. पहिलटकरीण. तो मला म्हणाला, आई, गडी धारेपुरता येतो, तू जरा गाईपाशी बसशील का, तिला एकटं सोडायचं न्हाई. मी म्हणाले, कशावर बसू. त्यानं गड्याला फोन करून बाज खाली आणायला लावली. ज्यानं वर नेली त्यानंच खाली आणवली, आणि त्याला काही वाटलं नाही.

मी गोठ्यात राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबायच्या, विचारायच्या, व्यायला आलीय वाटतं. मी म्हणायचे, व्हय. त्या म्हणायच्या, बघा सुभेदाराची आई, या वयात पण जनावराची किती काळजी. जाऊ आली. बाजेवर टेकली.

"राखण करताय व्हय अक्का," ती म्हणाली आणि मला पानाची डबी दिली.

तीच बाज, तोच गोठा, तीच म्हातारी. आधी मी टाकलेली होते, आता मी राखण करत होते. मधे फक्त एक गाय आली होती. गाय व्यायला आली की घरातलं कुणीतरी तिच्यापाशी झोपतं, ही आमच्याकडची रीतच आहे, तिला कुणी नावं ठेवत नाही. हे माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं.

सून लग्नाहून आली तेव्हा गाय व्याली होती. कालवड झाली. सुनेनं वासरू बघितलं, गाईची कास बघितली, आणि मग बाजेकडं बघत म्हणाली, "कुणी काय म्हटलं?"

"राखणीला कोण काय म्हणतंय."

ती बराच वेळ दावं सारखं करत राहिली. बाज मात्र गच्चीत परत गेली नाही, कुणी नेलीच नाही. मी आपली खोलीत गेले, गाय व्याली होती, राहायला कारण नव्हतं.

पुढची गोष्ट श्रावणातली. जनावरांचा डॉक्टर गाय भरवायला, म्हणजे गाभण राहायची सुई द्यायला, आला होता. मी खिडकीत होते. एक गाय त्यानं भरवली, तेव्हा सून म्हणाली, पलीकडची पण माजावर आहे, तीपण भरवा. डॉक्टरनं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, एक तर झालीच, आता ही पण भर वैशाखात येईल. उन्हाळ्यात व्यालेली गाय दुधाला मार खाते, वासरू रोडावतं, पुढं गाभण राहायलाही त्रास देते. दोन महिने थांबा.

सून म्हणाली, "भरवा."

"वहिनी, तुम्हाला आजवर असं सांगावं लागलं न्हाई."

"भरवा तुमी."

त्यानं भरवली. हात धुताना पुटपुटत होता की चांगल्या दुधाचं नुकसान करून घेताय. तिनं त्याला चहा दिला आणि विषय बदलला. आमच्या दोघींत कधी गोड बोलणं झालेलं नाही. ती आली तेव्हा तिच्या भाकरीला मी नावं ठेवायचे, ते ती विसरलेली नाही. पण वैशाख कधी येतो हे तिला माहीत होतं आणि वैशाखात मी कुठं असते हेही.

यंदा गुढी उतरली आणि तिनं गोधडी झटकून बाजेवर टाकली. मुलाला फोनवर म्हणाली, दोन गाई व्यायला आल्यात, आत्याबाईंना तिकडं झोपायला सांगते, मला एकटीला हुत न्हाई. तो म्हणाला, बरं. त्याला खरंच कळलं नाही की कळूनही त्याला सोपं गेलं, ते मला सांगता येणार नाही. सुट्टीला आला की तो गोठ्यात येतो, माझ्यापाशी बसतो, गाईची चौकशी करतो. माझ्या खोलीबद्दल बोलत नाही. एकदा फक्त म्हणाला, एसी नुसता पडून खराब होतो, रोज थोडा लावत जा. म्हणून मी दुपारी जेवण झालं की एसी लावते, दार ओढून घेते आणि इकडं येते. कपाट आणि ज्वारी गार राहतात.

पहिली गाय लवकरच व्याली. डॉक्टर म्हणाला तसंच झालं, वासरू अंगानं बारीक आणि दूध नेहमीच्या मानानं कमी. परवा तो दुसरीला बघायला आला. ती उभीच होती, धापा टाकत होती, पंख्याखाली मान घालून.

"मी सांगितलं हुतं," तो सुनेला म्हणाला. "तिला कशाला ह्या उन्हात व्यायला लावली?"

सून बादली विसळत होती. तिनं वर बघितलं नाही.

"एकीला तर सोसावंच लागतंय डॉक्टर. गाईला निदान पंखा हाय, वर पाचट हाय."

तो काही समजला नाही. मी बाजेवर पडून होते, डोळे मिटलेले. त्याला वाटलं म्हातारी झोपलीय.

गाय आता अवघडली आहे. कास ताठली आहे, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले आहेत, म्हणजे आता फार दिवस नाहीत. ऊन मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहे. ती व्याली की राखण संपली, माझी गोधडी परत नैर्ऋत्येला जाईल. बाकीच्या गाई गाभण आहेत, पण त्या पार पावसाळ्याच्या आहेत. मी रोज सकाळी उठल्यावर आधी तिची कास बघते. जन्मभर मी गाय वेळेवर सुटावी म्हणून देवाला हात जोडले. यंदा पहिल्यांदा मला वाटतं, हिनं जरा उशीर करावा.